मतांची वाट आणि कात्रजचा घाट

श्रोतेहो, 'कात्रजचा घाट दाखवला' असं आपण सहज म्हणतो. १६६३ साली शिवरायांच्या माणसांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला या घाटाकडे पळवलं, अशी ती गोष्ट. निवडणुकीतही असे पलिते पेटतात.

१९५७ ची निवडणूक घ्या. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, जनसंघ असे सगळे एकत्र आले. विचारांनी ही मंडळी एकमेकांपासून कोसभर दूर. तरी घाटाच्या अलीकडे पुण्यात समाजवादी ना. ग. गोरे आणि पलीकडे साताऱ्यात कम्युनिस्ट नाना पाटील लोकसभेवर निवडून आले. मतदारानं पक्षाचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवून एकच प्रश्न पाहिला: मराठी राज्य कोण आणील? १ मे १९६० ला राज्य झालं, प्रश्न सुटला आणि जुळलेले गोट विसकटले. १९६२ साली विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या.

यातून काय घ्यायचं? प्रश्नावर पडलेले तट प्रश्न सुटला की मिटतात. पण नुसत्या पक्षाच्या नावावर पडलेले तट पाणवठ्यावरचं बोलणंही बंद करतात. म्हणून गुरुजी, मुलांना एवढंच विचारायला शिकवा: हा गावाचा खरा प्रश्न, की शिंगावरचा पलिता?