खाच

कापडाच्या दुकानात तुम्ही पाहिलं असेल. दुकानदार मीटरपट्टीने माप घेतो, काठाला कात्रीने जरासा छेद देतो आणि दोन्ही हातांनी ओढून कापड टर्रकन फाडतो. छेद नसेल तर तेच कापड हाताला दाद देत नाही. धातूचंही असंच असतं, हे मला अम्मीच्या काठीमुळे कळलं.

अम्मीसाठी ॲल्युमिनियमची काठी आणली होती. मुठीखाली सुतळी घट्ट बसावी म्हणून मी करवतीने एक आडवी खाच पाडली. इंजिनिअर भाच्याने ती पाहिली आणि म्हणाला, "मामू, ही काठी नानीला देऊ नका."

"अरे, खाच ती केवढीशी!" मी म्हटलं. मी बी.ए. झालेला, कवितेचा माणूस. मग त्याने समजावलं.

धातूवरचा भार प्रवाहासारखा आतून जातो. वाटेत खाच आली की तो तिला वळसा घालतो आणि खाचेच्या टोकाशी ताणाची गर्दी होते. रुंद पत्र्यात लहानसं गोल भोक असेल, तर ओढल्यावर भोकाच्या कडेला तिप्पट ताण येतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण जास्त. इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने १९१३ साली याचं गणित मांडलं.

एकदाच भार आला तर नरम ॲल्युमिनियम टोकाशी किंचित ताणलं जाऊन निभावून नेतं. भार पुन्हापुन्हा आला, की तिथेच केसाएवढा तडा जातो आणि हळूहळू वाढतो. साध्या पोलादाला ठरावीक मर्यादेखालचा ताण लाखो वेळा सोसतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना तशी स्पष्ट मर्यादा नसते.

हा धडा जगाला महागात पडला. 'कॉमेट' हे जेट विमान १९५२ साली प्रवासी नेऊ लागलं. त्याचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्याचं. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने ते फुगे, उतरल्यावर सैल पडे. १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दोन कॉमेट हवेतच फुटली. ५६ माणसं गेली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हापुन्हा चढवला, उतरवला. आधीची खरी उड्डाणं धरून ३,०५७ फेऱ्यांनंतर पत्रा फाटला. एल्बाजवळच्या अवशेषांतही तडा सापडला तो छतावरच्या चौकोनी झरोक्याच्या कोपऱ्याशी, रिव्हेटच्या भोकापाशी. पुढच्या कॉमेटना गोलसर खिडक्या आल्या.

म्हणून कोपरे गोलाईत ठेवतात, ओरखडे घासून गुळगुळीत करतात. तडा गेलाच, तर कधी त्याच्या टोकाशी मुद्दाम गोल भोक पाडतात. अणकुचीदार टोक बोथट झालं की तडा थबकतो. पण तो तात्पुरता इलाज.

अम्मी दिवसातून शेकडो पावलं टाकते. प्रत्येक पावलाला तिचा भार त्या खाचेवर येणार होता. मी दुसरी काठी आणली. तिच्यावर अम्मीने जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळली आहे. करवत मी हातात घेतली नाही.