चाळिशीनंतरचा व्यायाम : उशीर झालेला नाही

तथागत भगवान बुद्धांनी आरोग्य हा सर्वांत मोठा लाभ मानला. आपण उपासक-उपासिका हे वचन धम्मपदात वाचतो; परंतु वयाची चाळिशी उलटली की बहुतेकजण म्हणतात, "आता कसला व्यायाम? ते तरुणांचे काम." हा समज किती चुकीचा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

श्रम सुटले, व्यायाम लागला नाही

आपल्या आईवडिलांनी शेतात, गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या रुळांवर देह झिजविला. त्यांना व्यायामाची नव्हे, तर विश्रांतीची आणि पोटभर अन्नाची गरज होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शिका' असा आदेश दिला आणि त्यामुळे पुढच्या पिढ्या शाळा, बँक, पोस्ट व सरकारी कचेऱ्यांत खुर्चीवर बसल्या. ही प्रगती अभिमानास्पद आहे. मात्र श्रम सुटले तरी त्यांची जागा व्यायामाने घेतली नाही. परिणामी पन्नाशीच्या आतच मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी घरात शिरते. मुले मार्गी लागून समाजकार्यास वेळ देता येईल, नेमक्या त्याच वयात माणूस दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकतो. स्वतः बाबासाहेब अखेरच्या वर्षांत मधुमेह व पायांच्या दुखण्याने त्रस्त होते. त्या वेदना सोसून त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण केला. आपल्यासाठी ज्यांनी शरीराची पर्वा केली नाही, त्यांचे कार्य पुढे न्यावयाचे तर आपले शरीर सांभाळणे हे आपले कर्तव्यच ठरते.

चंक्रमणाचे पाच लाभ

चालण्याचा व्यायाम आपल्या परंपरेला नवा नाही. अंगुत्तर निकायातील चंक्रमण सुत्तात भगवंतांनी चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवास झेपतो, प्रयत्न करण्याची शक्ती येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मनाची एकाग्रता अधिक काळ टिकते. बुद्धगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूस भगवंतांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवितात. वयाच्या 80 व्या वर्षी, कुसिनारा येथे महापरिनिर्वाण झाले तेव्हाही ते चारिकेवरच होते.

विज्ञान काय सांगते?

अमेरिकेतील डॅलस येथे 1966 साली विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची क्षमता झपाट्याने घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाचजणांना पुन्हा तपासले असता असे दिसले की, तीस वर्षांच्या वयवाढीने झाली नाही एवढी हानी त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने झाली होती. नंतर सुमारे सहा महिने त्यांनी चालणे, हळू धावणे, सायकल चालविणे असा व्यायाम केला, तेव्हा त्यांची क्षमता विशीतील मूळ पातळीवर परत आली. माणसे पाचच होती, तरी बोध मोठा आहे : वयापेक्षा बसून राहणे अधिक घातक असते.

आपल्या देशातील उदाहरण चेन्नईचे आहे. साखर वाढू लागलेल्या, पण मधुमेह न झालेल्या सुमारे 46 वर्षे सरासरी वयाच्या लोकांचा हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना विशेष मार्गदर्शन मिळाले नाही, त्यांच्यापैकी सुमारे तीन वर्षांत शंभरात 55 जणांना मधुमेह झाला. ज्यांनी आहार सांभाळला व रोज अर्धा तास चालणे ठेवले, त्यांच्यात हे प्रमाण 39 होते. कारण सोपे आहे. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि शरीरातील इन्शुलिनचा परिणामही वाढतो.

सुरुवात कशी करावी?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, किमान अर्धा-अर्धा तास. प्रारंभी दहा मिनिटे चालावे व दर आठवड्यास थोडे वाढवावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे असे ताकदीचे व्यायाम करावेत. स्नायू टिकतात, हाडांनाही बळ मिळते. पाळी थांबल्यावर हाडे झपाट्याने विरळ होत असल्याने भगिनींना याची विशेष गरज आहे.

हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी अनवाणी चालू नये, पाय रोज तपासावेत. छातीत दडपण, घाम वा चक्कर आल्यास तत्काळ थांबून दवाखाना गाठावा.

एकट्याचा नेम मोडतो, चारचौघांचा टिकतो. म्हणून सकाळी विहारात वंदना झाल्यावर सर्वांनी मिळून अर्धा तास चालावे. भगिनींना वेळ मिळावा यासाठी घरातील पुरुषांनी सकाळचे एखादे काम अंगावर घ्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्यांनी तुम्हांला बोट धरून शाळेत नेले, त्या आईवडिलांना आता तुम्ही हात धरून घराबाहेर काढा.

जयभीम! नमो बुद्धाय!