सुरांची शिस्त आणि पाण्यांतील दम

गाणें शिकणाऱ्या मुलानें मैदानाकडे वळूं नये आणि व्यायाम करणाऱ्यानें तंबोऱ्यास हात लावूं नये, असा एक समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून अजूनहि आढळतो. वेळ थोडा, तेव्हां दोहोंपैकीं एक सोडावें, असें वडीलधारी मंडळी सुचवितात.

कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं हा समज मानला नाहीं. १९१२ सालीं त्यांनीं खासबागेचें कुस्तीमैदान उभारलें, आणि १९१५ सालीं त्याच्या शेजारींच पॅलेस थिएटर उभें राहिलें. घाट उतरून आपल्या मालवण किनाऱ्याकडे आलें, तर येथें गाणें व अंगमेहनत एकाच माणसांत नांदलेलीं दिसतात. दशावतारी नट रात्रभर गातो आणि पखवाजाच्या तालावर युद्धहि खेळतो. पूर्वीं तोच नट सकाळीं सामान डोक्यावर घेऊन पुढल्या गांवाची वाट धरीत असे. ‘रात्रीं राजा, सकाळीं डोक्यार बोजा’ ही म्हण त्यावरूनच पडली.

याच मालवणांत चिवला किनाऱ्यावर आतां सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात. त्यांची तयारी करणाऱ्या मुलास संगीतापासून काय मिळतें? आवाज कमावल्यानें दंड कमावले जात नाहींत, हें आधींच सांगितलेलें बरें. हृदय, फुप्फुसें आणि खांदे पोहूनच तयार होतात. संगीतापासून मिळते ती रियाजाची रीत. सोळा मात्रांचा त्रिताल प्रथम ठाय लयींत पक्का बसल्यावांचून शिकणारा दुगुनीस जात नाहीं. चुकलें, तर सबंध चीज पुन्हां न म्हणतां अडलेली जागाच तो सावकाश घोटतो. कारण घाईनें घोटलेली चूक तशीच अंगवळणीं पडते. पोहणाऱ्यानेंहि हाताची फेक, पायांचा मारा आणि श्वासाची वेळ प्रथम संथपणें जुळवावी. वेग मागाहून वाढवावा. दम तुटून हात वेडावांकडा पडूं लागला कीं थांबावें. घसा बसला असतां शहाणा गवई गप्प राहतो. दुखऱ्या खांद्यासहि तोच न्याय लावावा.

म्हणून स्पर्धेच्या हंगामांत मुलाची गाण्याची शिकवणी बंद करण्यापूर्वीं आईबापांनीं थोडा विचार करावा. तेंच तें रोज, न कंटाळतां करण्याची संवय त्याला जेथें लागली, तीच जागा आपण बंद करीत आहों. पहांटेचा अर्धा तास खर्ज लावण्यांत गेला, म्हणून पोहण्याचें कांहीं बुडत नाहीं.