ज्ञानेश्वरी घरी वाचताना: काही गैरसमज

श्रावण लागला की पुष्कळ घरांत ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. सात दिवसांत अठरा अध्याय, सुमारे 9,000 ओव्या. त्या आठवड्याने घराला जे बळ मिळते ते मी मानतोच. पण पारायण झाले म्हणजे अभ्यासही झाला, हा समज सोडायला हवा. सप्ताहात रोज तेराशेच्या आसपास ओव्या वाचाव्या लागतात. त्या ओघात अर्थापाशी थांबायला सवड कुठली? अभ्यासासाठी निराळी वेळ काढावी आणि मजकूर अगदी थोडा घ्यावा. दिवसाला पाच-दहा ओव्या पुष्कळ झाल्या.

याहून खोल रुजलेला गैरसमज म्हणजे ज्ञानेश्वरी हा गीतेचा मराठी अनुवाद आहे. गीतेचे श्लोक 700, हे लक्षात घेतले तरी दोन्हींतले अंतर कळते. तेरावा अध्याय उघडा. ज्ञानाची लक्षणे सांगताना गीता अहिंसेचा नुसता उल्लेख करून पुढे जाते. ज्ञानदेव मात्र तिथे शंभराहून अधिक ओव्या रमतात. यज्ञासाठी किंवा औषधासाठी जीव घेऊन त्यालाच अहिंसा म्हणणारी मते ते आधी तपासतात. मग अहिंसा अंगी मुरलेला माणूस कसा चालतो ते दाखवतात: केसर चुरगळेल या भीतीने भुंगा कमळावर जसा हलकेच पाय टेकतो, तसा तो जमिनीवर पाऊल ठेवतो. चालण्यानंतर त्याचे बोलणे येते, नजर येते, हात येतात आणि शेवटी या सगळ्यांचे मूळ असलेले मन. हा क्रम वहीत उतरवून पाहा. बाहेरच्या वागण्यातून आत मनापर्यंत नेणारी वाट स्पष्ट दिसते. माझ्या मते घरच्या अभ्यासाची सर्वांत फलदायी रीत हीच. आधी श्लोक वाचून आपल्याला काय समजले ते दोन ओळींत लिहावे, मग ओव्या वाचाव्यात आणि ज्ञानदेवांनी स्वतःचे काय घातले ते शोधावे.

जुनी मराठी कळत नाही, म्हणून नुसता खालचा अर्थ वाचायचा, असेही अनेकजण करतात. सार्थ प्रती हव्यातच, पण मूळ ओवी सोडू नये. हा ग्रंथ श्रोत्यांसमोर सांगितलेला आहे. ज्ञानदेव मधूनमधून त्यांच्याशी बोलतात, त्यांचे लक्ष मागतात. ओवी मोठ्याने म्हटली की कुठे थांबायचे ते जिभेला आपोआप कळते. अडचण बहुधा एकापाठोपाठ येणाऱ्या दृष्टांतांची असते. ‘जैसा’ने दृष्टांत सुरू होतो, ‘नातरी’ आले की दुसरा, आणि ‘तैसा’ आले की मूळ मुद्दा. म्हणून आधी ‘तैसा’ शोधावा, मग मागे वळून दृष्टांत वाचावेत.

पहिल्या अध्यायापासून क्रमानेच वाचले पाहिजे असा काही नियम नाही. नव्या वाचकाने बारावा घ्यावा: गीतेचे 20 श्लोक, ओव्या अडीचशेच्या आत. अठराव्यात त्या अठराशेवर जातात. हे वाचन उतारवयासाठी ठेवण्याचेही कारण नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशाला हा ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा सांगणाऱ्याने विशीही गाठली नव्हती.

राहता राहिला पाठभेदांचा प्रश्न. दोन प्रतींत एखादी ओवी वेगळी दिसली की काहीजण बिचकतात. शंका घेणे म्हणजे अश्रद्धा असे त्यांना वाटते. पण खुद्द एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, मूळ ग्रंथानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. वि. का. राजवाडे यांनी जुन्या पोथीवरून तयार केलेली प्रत 1909 मध्ये छापली गेली, आणि तिच्यात प्रचलित पाठाहून वेगळे पाठ बरेच आहेत. ओवी अडली की दुसरी प्रत काढावी आणि दोन्ही पाठ शेजारीशेजारी वहीत लिहावेत. पुष्कळदा एका अक्षराच्या फरकाने अडलेला अर्थ मोकळा होतो.