लग्न परदेशात, कागद गावाकडचे

नांदेड-लातूरकडची आपली काही मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशात आहेत. तिथेच लग्न ठरले की इकडे आईवडिलांची धावपळ सुरू होते आणि ती बहुधा जन्मदाखल्यापाशी अडते. बाळंतपण घरी झाले, नोंद केलीच नाही. नोंद असली तर बाळाच्या नावाची जागा कोरी. नाहीतर नोंदीत ‘पंचफुला’ आणि शाळेच्या टीसीवर ‘पंचशीला’! गावात कुणी अडवत नाही. तिकडचा कारकून मात्र या दोन मुली समजतो.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्तीची सोय आहे. वर्ष उलटलेली नोंदही करता येते. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावे लागे. २०२३ च्या दुरुस्तीपासून जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. वेळ इथेच जातो, म्हणून हे काम लग्नाची तारीख धरण्याआधी उरकावे.

मग अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र. पहिले लग्न मोडले असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल हवी. बैठकीत लिहिलेला फारकतीचा कागद तिकडे कुणी बघतही नाही.

हे कागद आधी राज्य शासनाकडून, नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यायचे. करारातल्या देशांसाठी मंत्रालय ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का देते; भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

दोघांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या विदेशी विवाह कायद्याने आपल्या वकिलातीतही लग्न नोंदवून करता येते. नोटिशीची मुदत ३० दिवस. तिकिटे त्या हिशेबाने काढावीत.