मन मोजताना – भाग ७ : शिकाऊ थेरपिस्टची डायरी

गेल्या आठवड्यात पेशंटची चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्या पाहिल्या. या वेळी प्रश्नावली उपचार करणाऱ्याच्याच हातात द्यायची आहे.

बेंगळुरूहून कोलारच्या वाटेवर होसकोटे लागतं. तिथे एमव्हीजे मेडिकल कॉलेज आहे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून देशभरातल्या, म्हणजे इथल्याही, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना लॉगबुकात ‘रिफ्लेक्शन’ लिहावं लागतं : काय घडलं, त्यातून मी काय शिकलो. डॉक्टरकीत हे नवं असेल, मानसोपचारात जुनंच. बेंगळुरूतल्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची पूर्वज प्रशिक्षण संस्था १९५४ ची. अशा ठिकाणी शिकाऊ थेरपिस्टला सेशननंतर सुपरव्हायजरपुढे बसावं लागतं आणि प्रश्न पेशंटपुरते थांबत नाहीत.

समजा, मिरजेहून शिकायला आलेली एक मुलगी आहे. समोर दारू सोडवायला आलेले, तिच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. ती त्यांना सहज ‘काका’ म्हणते. काका म्हटल्यावर ‘बायकोवर हात उचलता का?’ हे विचारायला जीभ रेटत नाही. तासभर गप्पा छान होतात. रात्री डायरीत नोंद पडते : ‘आज रॅपो चांगला जमला.’ नोंद खोटी नाही. पण त्या तासाला तिने काय टाळलं, ते त्या नोंदीत नाही.

मग तिचं आत्मचिंतन मोजायचं कसं? ग्रँट, फ्रँकलिन आणि लँगफर्ड या ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये वीस विधानांची प्रश्नावली तयार केली. बारा विधानं आत्मचिंतनाची : मी स्वतःच्या विचारांचा, वागण्याचा किती विचार करतो. आठ अंतर्दृष्टीची : मला स्वतःचं कितपत उमगतं. दोन्ही हातात हात घालून चालतील, असं कुणालाही वाटेल. निघालं उलटंच. डायरी लिहिणाऱ्यांचं आत्मचिंतन जास्त भरलं, पण अंतर्दृष्टी डायरी न लिहिणाऱ्यांपेक्षा कमी. ज्यांचं आत्मचिंतन जास्त, त्यांच्यात चिंता आणि ताणही थोडा जास्त. याचं एक कारण त्याआधीच, १९९९ मध्ये, ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी दाखवलं होतं : स्वतःबद्दल कुतूहलाने विचार करणं वेगळं, तेच तेच उगाळत बसणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. वहीची पानं दोन्हींत भरतात.

शिवाय उत्तरं देणार कोण? ज्याचं मन मोजायचं, तोच. वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना विचारलं, आपल्या क्षेत्रात तुम्ही कुठे बसता? सरासरीच्या खाली एकही बसेना, आणि चौथा हिस्सा स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत धरून होता. अनुभवी माणसांची ही गत असेल, तर विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्यांकडून काय अपेक्षा धरायची? त्यात त्या नोंदींना गुण द्यायला लागलं, की मुलं परीक्षकाला आवडेल असा पश्चात्ताप बेतून लिहितात. लॉगबुकाची मला भीती वाटते ती इथेच.

म्हणून बाहेरचा साक्षीदार लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स १९४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सेशन ध्वनिमुद्रित करून प्रशिक्षणासाठी वापरत होते. मिरजेच्या मुलीने आधी डायरी लिहावी, मग पेशंटच्या संमतीने केलेलं रेकॉर्डिंग सुपरव्हायजरबरोबर ऐकावं. डायरी आणि रेकॉर्डिंग यांतलं अंतर महिन्यागणिक घटतं का, हे माप मला वीस विधानांपेक्षा भरवशाचं वाटतं. कष्टाचं आहे; एका सुपरव्हायजरकडे डझनभर मुलं असली की ते अवघडच.

नॉर्वेतल्या निसेन-ली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये थेरपिस्टच्या शंकेकडेच पाहिलं. ज्यांना आपल्या कामाबद्दल शंका वाटत होती, त्यांच्या पेशंटमध्ये सुधारणा जास्त दिसली. त्यातही थेरपिस्ट माणूस म्हणून स्वतःशी मायेने वागणारा असेल तर विशेष. म्हणजे ‘काकांना मी ते का विचारलं नाही?’ असं डायरीत लिहून जी मुलगी नंतर शांत झोपू शकते, तिच्या पेशंटला बरं वाटण्याची शक्यता अधिक.