शहर दाखविणारी पेढी कशी पारखावी?

अहिल्यानगरच्या आनंदधामात आचार्यसम्राट पूज्य श्री आनंदऋषीजी म. सा. यांच्या समाधीच्या दर्शनासाठी गावोगावची जैन कुटुंबे वर्षभर येत असतात. याच जिल्ह्यातील चिचोंडी (शिराळ) येथे १९०० साली जन्मलेल्या आचार्यश्रींचे २८ मार्च १९९२ रोजी याच नगरीत महाप्रयाण झाले. सकाळी दर्शन, दुपारी आप्तांकडे भोजन आणि लगेच परतीचा प्रवास, असा बहुतेकांचा क्रम असतो. पाचशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास असलेले नगर शहर मात्र पाहायचे राहून जाते.

याचे एक कारण असे की, मोठ्या यात्रा कंपन्यांच्या सहली शिर्डी, शनिशिंगणापूर व वेरूळ यांच्यासाठी आखलेल्या असतात. नगर त्यांच्या वाटेवर चहापुरतेच लागते. शहर खरोखर पाहायचे, तर एखाद्या लहान स्थानिक पर्यटन पेढीचाच आधार घ्यावा लागतो. अशा पेढीचे नाव वर्तमानपत्रात झळकत नाही. मग तिच्यावर विश्वास ठेवावा कसा? व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. नव्या गिऱ्हाइकास माल उधार देण्यापूर्वी आपण त्याची पत पाहतो. तीच नजर येथेही उपयोगी पडते.

पहिली कसोटी जाणकारीची

पेढीच्या चालकास एक साधा प्रश्न विचारावा : 'चांदबिबीचा महाल कोणाचा?' पाथर्डी रस्त्यालगतच्या डोंगरावरील ती तीन मजली अष्टकोनी वास्तू चांदबिबीच्या नावाने ओळखली जात असली, तरी ती मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. हे ज्यास ठाऊक आहे, त्याने शहराचा अभ्यास केला आहे असे समजण्यास हरकत नाही.

भुईकोट किल्ल्याविषयीही असेच विचारावे. मलिक अहमद निजामशहाने १४९० साली बहामनी सैन्याचा पराभव केला आणि पुढे त्या रणभूमीजवळ हे शहर वसविले. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने हा किल्ला मोगलांविरुद्ध लढविला. १८०३ साली तो आर्थर वेलस्ली याने जिंकला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस नेत्यांना येथेच स्थानबद्ध करण्यात आले. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली याच किल्ल्यात लिहिला आणि मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रेही येथलीच. हे सांगणारा मार्गदर्शक सोबत नसेल, तर पाहुण्यांना केवळ दगडी तट आणि खंदक दिसतो.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र कोणते लागेल, प्रवेश कोणत्या वेळेत मिळेल, याची चौकशी त्याच आठवड्यात करून ठेवणे हे पेढीचे काम. १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय मुलांना विशेष आवडते. तेथील वेळाही आधी विचारलेल्या बऱ्या. 'तिकडे गेल्यावर पाहू' असे उत्तर मिळाले, तर दुसरी पेढी शोधावी.

दुसरी कसोटी व्रताची

चांदबिबीच्या महालावरून सूर्यास्त पाहण्याची पर्यटकांत मोठी हौस असते. परंतु ज्या कुटुंबात आजी-आजोबांचा चौविहार आहे, तेथे हाच कार्यक्रम अडचणीचा ठरतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; डोंगर उतरून, शहरात येऊन, पाने मांडेपर्यंत वेळ टळून जाते. मग वडीलधारी मंडळी कोणास काही न बोलता उपाशी राहतात आणि सहलीचा आनंद तेथेच संपतो.

जाणकार पेढी हा क्रम उलटा लावते : महाल सकाळी उन्हे चढण्यापूर्वी, मग आनंदधाम, दुपारी किल्ला किंवा संग्रहालय आणि सूर्यास्तापूर्वी तासभर आधी भोजन. कंदमुळे वर्ज्य असलेला स्वयंपाक आणि उकळून गार केलेले पाणी कोठून येणार, हेही तिने नाव-ठिकाणासह सांगावे. नगरमध्ये ही व्यवस्था कठीण नाही. ती आठवणीने करणारा माणूस हवा. दूरच्या शहरातील कार्यालयास हा बारकावा समजावून सांगताना दमछाक होते, तर स्थानिक माणसास तो बहुधा सांगावाही लागत नाही. लहान पेढीचे खरे बळ येथे आहे.

तिसरी कसोटी हिशेबाची

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, अशी सहलीच्या ठोक दराची गत असते. बारा जणांच्या एका दिवसाच्या सहलीचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. एक पेढी 'सर्व मिळून १८,००० रुपये' सांगते. दुसरी २१,६०० रुपयांचा तपशीलवार कागद देते. पहिली माणशी १,५०० रुपयांत पडते, दुसरी १,८०० रुपयांत. पहिलीच्या 'सर्व'मध्ये काय नाही, हे विचारल्यावर कळते की दोन वेळचे भोजन ३,००० रुपये, मार्गदर्शक १,५००, प्रवेशशुल्क व पार्किंग १,००० आणि चालकाचा भत्ता ५०० रुपये वेगळे आहेत. बेरीज होते २४,००० रुपये, म्हणजे माणशी २,०००. स्वस्त वाटलेली सहल महाग निघाली, आणि प्रत्येक थांब्यावर खिशात हात घालण्याची कटकट निराळी.

म्हणून दर लेखी घ्यावा. काय समाविष्ट, काय वेगळे आणि रद्द झाल्यास किती परत, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. आगाऊ रक्कम पाव हिश्शापेक्षा फार अधिक देऊ नये आणि तिची पावती घ्यावी. मोबाइलवरून पैसे पाठविताना पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. ते पेढीच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळते का, हे पाहण्यास क्षणभरच लागतो. सेवा देणाऱ्यास साधारणतः वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे नोंदणी नाही म्हणून लहान पेढी अपात्र ठरत नाही. मात्र नोंदणी नसताना तिने बिलात कर लावणे नियमबाह्य आहे.

चौथी कसोटी वाहनाची

गाडीची पाटी पिवळी असावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि दुर्दैवाने अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र यांच्या प्रती मागण्यात संकोच बाळगू नये. कुटुंबातील तीन पिढ्या त्या एका गाडीत बसणार असतात.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या पाठीशी आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती आणि लेखी दर जपून ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

पत ही दोन्ही बाजूंनी पाळावयाची असते. ठरलेल्या दरात शेवटच्या क्षणी घासाघीस करणे, उरलेली रक्कम महिनाभर अडवून धरणे किंवा बारा सांगून सोळा जण आणणे, हे व्यापारी घराण्यास शोभत नाही. लहान पेढीजवळ जाहिरातीचे भांडवल नसते. समाधानी पाहुण्यांचा शब्द हेच तिचे भांडवल. काम चोख झाले, तर त्याच सायंकाळी हिशेब चुकता करावा आणि पुढच्या साधर्मिक कुटुंबास तिचे नाव सांगावे. काही उणे राहिले, तर ते आधी त्या चालकाच्याच कानावर घालावे. अशा चार पेढ्या शहरात टिकल्या, तर समाधीदर्शनास आलेले कुटुंब दुपारी परत न फिरता एक रात्र मुक्काम करील, आणि कापड बाजारातील दुकानांनाही त्याचा लाभ होईल.